झाम्बियात खेळ शिकवायला जाऊ का? बाबा म्हणतात, आपल्याकडे पोरं कमी आहेत का!

या वेळचं पत्र इंग्लंडहून आलंय. मूळ पत्र चांगलं तीन पानी होतं, कापून-छाटून देतेय.

«ताई, मी सांगली जिल्ह्यातली. शाळेपासून खो-खो खेळले, दोनदा राज्य स्पर्धेपर्यंत गेले. सध्या इंग्लंडमध्ये स्पोर्ट मॅनेजमेंटचं मास्टर्स करतेय, एज्युकेशन लोन काढून. आमच्या युनिव्हर्सिटीतून दर उन्हाळ्यात काही स्टुडंट्स झाम्बियाला जातात, तिथल्या राजधानीच्या म्हणजे लुसाकाच्या शाळांमध्ये पोरांना फुटबॉल, नेटबॉल, बास्केटबॉल शिकवायला, सहा आठवडे. माझं सिलेक्शन झालंय. पण प्रत्येकानं आपापले अडीच हजार पौंड जमवायचेत. बाबा म्हणाले, आपल्याकडे पोरं कमी आहेत का, ये गावच्या झेडपीच्या शाळेत शिकवायला, फुकटात होईल. माझी एक वर्गमैत्रीण म्हणते हे सगळं इन्स्टासाठी असतं, गरीब पोरांसोबत फोटो काढायचे आणि परत यायचं. त्यात मला नेटबॉल येत सुद्धा नाही. पण तरी मला जायचंय, खूप जायचंय, आणि तिथनंच थेट गणपतीला घरी यायचंय. जाऊ का? डिपॉझिट भरायला दहा दिवस उरलेत. — गोंधळलेली, वय 23»

अगं गोंधळलेले, तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य कुठलं सांगू? 'मला नेटबॉल येत सुद्धा नाही.' सिलेक्शन झालेल्या बाकीच्या पोरांपैकी किती जणांनी हे स्वतःशी तरी कबूल केलं असेल देव जाणे. त्या वाक्याकडे परत येते, आधी माझी एक जुनी गोष्ट ऐक.

मी सत्तावीस वर्षं पीटीची बाई होते, तालुक्याच्या गावात. एका वर्षी आमच्या शाळेत परदेशातले तीन कॉलेजचे विद्यार्थी आले, तीन आठवडे फुटबॉल शिकवायला. कुठल्या देशाचे, कुणी पाठवले ते जाऊ दे. पोरं चांगली होती हं, मनापासून आली होती. मोठ्या बॅगेतनं बारा नवे कोरे फुटबॉल काढले, नारिंगी कोन काढले, रंगीत बिब्स काढले, आमची पोरं वेडीच झाली, आणि त्यातला एक जण मला हसत हसत म्हणाला, 'मॅडम, यू कॅन रिलॅक्स.' मी झाले की रिलॅक्स! तीन आठवडे कट्ट्यावर बसून होते. ज्या पोरांना माझ्या एका शिट्टीवर रांगेत उभं राहायची सवय होती ती माझ्याकडे बघेनाशी झाली.

पाहुणे गेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघितलं तर बारातले नऊ बॉल बसलेले, कारण पंपाची पिन मोडली होती आणि दुसरी कुणी ठेवली नव्हती, सायकलवाल्याचा पंप काही त्याला बसेना. बरं ते पण सोड. त्या तीन आठवड्यांच्या नादात आमची खो-खोची प्रॅक्टिस बंद पडली, तालुका स्पर्धा तोंडावर होती, आदल्या वर्षी जिंकलेली आमची टीम पहिल्याच राउंडला घरी. आणि सातवीतली एक मुलगी जानेवारी उजाडला तरी विचारायची, 'बाई, ते परत कधी येणार?' कारण जाताना त्यांच्यातल्या कुणीतरी तिला 'सी यू सून' म्हटलं होतं. आता 'सी यू सून' म्हणजे नुसतं बोलायची पद्धत असते हे तिला कोण सांगणार.

चूक त्यांची एकट्याची नव्हती. इथे काय खेळतात हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही, पाहुणे ना! पण तेव्हापासून असं कुणी 'जाऊ का' विचारलं की मी उलट एकच विचारते, कुणाच्या हाताखाली जाणारेस? तुझ्या तीन पानांत लुसाका आहे, युनिव्हर्सिटी आहे, अडीच हजार पौंड आहेत, बाबा आहेत, मैत्रीण आहे. लुसाकातल्या कोचचं नाव कुठेच नाही. तुला ते माहीतच नसणार असं मी धरून चालते.

आणि तिथे कोच आहेत बरं का, तुमची वाट बघत रिकामे बसलेले नाहीत. झाम्बियात स्पोर्ट इन ॲक्शन नावाची संस्था 1998 पासून आहे, एज्युस्पोर्ट 1999 पासून, दोन्ही तिथल्याच लोकांनी उभ्या केलेल्या. एज्युस्पोर्टवाल्यांचा मुलींसाठी 'गो सिस्टर्स' म्हणून उपक्रम आहे. तिथे बहुतेक सगळं काम 'पीअर लीडर' करतात, म्हणजे त्याच वस्तीत वाढलेली अठरा-वीस-बावीस वर्षांची पोरंपोरी, शाळेच्या मैदानावर वर्षभर रोज खेळ घेणारी, बऱ्याचदा बिनपगारी किंवा नावापुरत्या मानधनावर. बाथ, डरहॅम, स्टर्लिंग अशा ब्रिटिश युनिव्हर्सिटीजची पोरं बरीच वर्षं लुसाकाला जाताहेत ती अशाच तिथल्या संस्थांच्या कामात सामील व्हायला. नीट चालवलं तर चांगली व्यवस्था आहे ही, तुझी मैत्रीण म्हणते तेवढी पोकळ नाही. पण नीट चालवलं तर. तुझ्या युनिव्हर्सिटीचा प्रोग्राम कसा आहे ते मला इथे बसून कळणार नाही, तुला विचारून घ्यावं लागेल.

तर काय विचारायचं. पहिलं म्हणजे मैदानावर माझ्यासोबत कोण असणार, त्याचं किंवा तिचं नाव काय, आणि सेशन कोण ठरवणार, ती की मी? 'तुम्हाला पूर्ण फ्रीडम आहे' असं उत्तर आलं तर मला तरी ते चांगलं लक्षण वाटत नाही. दुसरं, आम्ही नसतो तेव्हा त्या शाळेत खेळाचा तास होतो का. उरलेले शेहेचाळीस आठवडे काहीच नसेल तर तुम्ही सहा आठवड्यांची जत्रा भरवून येणार. तिसरं मजेशीर आहे आणि बहुतेक कुणी विचारत नाही, ते म्हणजे तारखा. झाम्बियातल्या शाळांची दुसरी टर्म मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असते आणि पुढे महिनाभर सुट्टी. तुमचे सहा आठवडे जुलैच्या मध्यापासून असतील तर अर्धा वेळ शाळा बंद! मग त्या दिवसांत काय करणार, सुट्टीतलं शिबिर आहे का, की तुम्हाला धबधबा बघायला नेणार? व्हिक्टोरिया फॉल्स बघ की, जरूर बघ, पण तो स्वतःच्या पैशानं, डोनेशनच्या नाही.

आणि चौथं, माझी कुठली चारित्र्य पडताळणी करणार आहात. मुलांसोबत काम म्हटल्यावर पोलिसांकडचं सर्टिफिकेट मागितलंच पाहिजे. तू भारतीय आहेस, इंग्लंडला आत्ता आत्ता गेलीयेस, म्हणजे तिथलं एक आणि बहुतेक इथलं पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पण लागेल, त्याला वेळ जातो, आत्ताच मागे लाग. आणि एखादी संस्था म्हणाली की काही गरज नाही, आमचा तुमच्यावर विश्वास आहे, तर तिथल्या तिथे विषय बंद कर. तुझ्यावर विश्वास असेल गं, पण अशा मोकळ्या दारातून उद्या दुसरं कुणी पण आत येईल ना.

आता बाबा. 'आपल्याकडे पोरं कमी आहेत का' हे वाक्य आपल्याकडे ठरलेलं आहे, कुणी कुठेही काहीही करायला निघालं की येतंच. बाबांना प्रेमानं विचार, तुम्ही गावच्या झेडपीच्या शाळेत शेवटचे कधी गेला होता? मतदानाला, असं उत्तर येईल. चेष्टा सोड, पण त्यांना पोरांपेक्षा पैशाची काळजी आहे आणि ती खरी आहे, त्याच्याबद्दल पुढे बोलते. मुद्द्याचं बोलायचं तर बाहेरून आलेल्या माणसानं काही चांगलं होतच नाही असं आपण महाराष्ट्रातच बसून म्हणू शकत नाही. मुंबईत कूपरेजला रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी नावाच्या इंग्रजानं फुटपाथवरच्या पोरांना खेळात घेतलं, त्यातनं 1999 मध्ये मॅजिक बस उभी राहिली, आज ती देशभर काम करते. पण तो राहिला इथे, हे लक्षात ठेव, सहा आठवड्यांत नाही झालं ते. आणि आपलेच नागपूरचे विजय बारसे सर, कॉलेजात खेळाचे शिक्षक, झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना बघितली आणि 2001 च्या सुमारास स्लम सॉकर सुरू केलं. त्यांना कुठे जावं लागलं नाही. म्हणजे बाबा निम्मे बरोबर आहेत. उरलेलं निम्मं असं की तू झाम्बियावर उपकार करायला निघाली असशील तर बाबांचं ऐक आणि गावाला ये. पण तुला खेळाच्याच क्षेत्रात काम करायचंय, त्याचंच शिक्षण घेतेयस, आणि बिनपैशाच्या, बिनसामानाच्या ठिकाणी खेळ कसा चालवतात हे आफ्रिकेतल्या लोकांकडून शिकायला निघाली असशील तर ती शिकायची जागा आहे, बेधडक जा. नैरोबीच्या माथारे वस्तीत 1987 पासून पोरांची फुटबॉल लीग चालते, तिथे टीमनं वस्तीतला कचरा साफ केला की लीगच्या टेबलात पॉइंट मिळतात. काय डोकं आहे बघ! आमच्या तालुका स्पर्धेत मी हे सुचवलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

आता तुझं नेटबॉल. झाम्बियाच्या शाळांत मुली नेटबॉल सर्रास खेळतात, तू शिकवायला जाशील आणि दहावीतली पोरगी तुला फूटवर्क दाखवेल, हे घरूनच मान्य करून जा. सात जणी, प्रत्येकीच्या छातीवर तिच्या जागेची अक्षरं, जिनं तिनं आपल्याच भागात राहायचं, बॉल हातात आला की पळायचं नाही, तीन सेकंदांत पास द्यायचा, समोरचीनं तीन फूट लांब थांबून अडवायचं. दहा फुटांवर रिंग, मागे बोर्ड नाही. वाच हे नियम, दोन-चार मॅचेस बघ, युनिव्हर्सिटीच्या क्लबात जाऊन महिनाभर सगळ्यात वाईट खेळाडू म्हणून खेळ. आणि मग तुझ्या लक्षात येईल की तुला यातलं अर्धं येतंच. खो-खोत चेझरनं एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, म्हणून आपण पाय टाकायच्या आधीच ठरवतो, नेटबॉलला पण तेच लागतं, बॉल यायच्या आधीच पुढचा पास डोक्यात पाहिजे. खांब मारताना तू जशी वळतेस तसंच वळणं. आणि त्या पोरी नेटबॉलमध्ये तुझ्या दोन पावलं पुढे असतील तर त्यांना खो-खो शिकव की! आठ जणी बसवायच्या, एकीआड एक उलट तोंडं, दोन काठ्या रोवायच्या, झालं ग्राउंड. ना बॉल, ना पंप, ना पिन. एका बॉलमागे चाळीस पोरं असतात तिथे याच्याहून सोन्यासारखा खेळ नाही. (2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही कप आपल्याकडे, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. हे तिथे सांगून थोडा भाव खाल्लास तरी चालेल.) पण आधी तिथल्या कोचला विचारून, आणि त्यांची कुठली स्पर्धा तोंडावर नाही ना ते बघून. माझी खो-खो टीम विसरू नकोस.

चाळीस पोरं मी उगाच म्हटलं नाही. 2022 पासून झाम्बियात सरकारी शाळांची फी माफ झाली, माध्यमिकपर्यंत, चांगलंच झालं, पण वर्ग तुडुंब भरले. तिथल्या वस्त्यांना कंपाउंड म्हणतात, कालिंगालिंगा, चावामा, कान्यामा अशी नावं आहेत, तिथल्या शाळेचं मैदान म्हणजे लाल माती, मध्ये दगड, आणि पोरांनी प्लास्टिकच्या पिशव्या दोरीनं गच्च बांधून केलेला बॉल. तुझ्या कोर्समधलं ते बारा पोरं, सहा बॉल, दहा कोनवालं सेशन तिथे पहिल्या पाच मिनिटांत बाराच्या भावात जाईल. घरी बसून असे खेळ लिहून काढ ज्यात एक बॉल आणि पन्नास पोरं आणि कुणीही रांगेत उभं राहून कंटाळत नाही. साखळी, लंगडी, डॉजबॉल, हे सगळं तुला पाठ आहे, त्याला कोचिंग म्हणतात हे फक्त तुला कुणी सांगितलं नाहीये.

आणि ही माणसं फुटबॉल आपल्यापेक्षा खूप जास्त जगलेली आहेत हे विसरू नकोस. 27 एप्रिल 1993 ला झाम्बियाची अख्खी टीम घेऊन जाणारं विमान गॅबॉनच्या लिब्रव्हिलजवळ समुद्रात कोसळलं, तीस जण गेले, त्यात अठरा खेळाडू. कॅप्टन कालुशा ब्वाल्या तेव्हा हॉलंडमध्ये खेळत होता, तो वेगळा जाणार होता म्हणून वाचला. आणि एकोणीस वर्षांनी, फेब्रुवारी 2012 मध्ये, त्याच लिब्रव्हिलमध्ये झाम्बिया आफ्रिका कपची फायनल खेळली, आयव्हरी कोस्टला पेनल्टीवर 8-7 नं हरवलं, तेव्हा कालुशा त्यांच्या असोसिएशनचा अध्यक्ष होता. हे लिहिताना सुद्धा माझ्या अंगावर काटा येतो बघ. मुलींना विचारशील तर त्या बार्ब्रा बांडा म्हणतील, टोकियो ऑलिंपिकमध्ये लागोपाठ दोन मॅचेसमध्ये हॅटट्रिक मारणारी, आणि 2023 ला झाम्बिया पहिल्यांदा महिलांच्या वर्ल्ड कपला गेली तेव्हा त्या वर्ल्ड कपच्या इतिहासातला हजारावा गोल तिचा. या पोरींसमोर जाऊन 'मुलींनीही खेळायला हवं' असलं भाषण कृपा करून देऊ नकोस.

भाषणावरून आठवलं. तिकडे खेळातून एचआयव्हीबद्दल, नकार द्यायला शिकण्याबद्दल बोलण्याची मोठी परंपरा आहे, खेळता खेळता मध्ये थांबून प्रश्न विचारतात. ते काम पीअर लीडरला करू दे. सहा आठवड्यांच्या पाहुणीनं तेरा वर्षांच्या मुलीला दुभाष्यामार्फत असल्या गोष्टी सांगू नयेत, आपल्या गावात कुणी केलं असतं तर आपल्याला चाललं असतं का? तू बाजूला उभी राहून ऐक, पोरांचं रिंगण धरायला मदत कर, बस.

अजून एक गोष्ट, तुझ्या ब्रिटिश मित्रांना कळणार नाही अशी. त्यांना पोरं 'मुझुंगू' म्हणतील, म्हणजे गोरे. तुला बहुतेक 'म्वेन्ये' म्हणतील, म्हणजे इंडियन. लुसाकात आपले लोक, बरेचसे गुजराती, पिढ्यान् पिढ्या व्यापारात आहेत, त्यामुळे तिथल्या माणसाच्या डोक्यात इंडियन म्हणजे दुकानाचा मालक. काही जण तुझ्याशी जास्त मोकळे होतील, काही जण जरा जपून राहतील, आणि दोन्हीत तुझा काही हात नसेल. मनाला लावून घेऊ नकोस. पंधरा-वीस शब्द शिकून जा, लुसाकात न्यांजा चालते, 'मुली ब्वांजी' म्हणजे कसे आहात, उत्तर 'न्दिली ब्विनो', थँक्यूला 'झिकोमो'. मोठ्या माणसाला काही देताना उजव्या हातानं द्यायचं आणि डावा हात उजव्या हाताला टेकवायचा, आपल्या आजीला आवडेल असलं सगळं. जेवायचे हाल होणार नाहीत, न्शिमा म्हणजे मक्याचा एकदम घट्ट घाटा, हातानं गोळा करून खायचा, आणि सोबत शेंगदाण्याचा कूट घातलेली भोपळ्याच्या पानांची भाजी असली तर तुला घरीच आल्यासारखं वाटेल.

मैत्रिणीचं फोटोंचं म्हणणं मात्र ऐक. तिचं बोलणं तिखट आहे पण खोटं नाही. पोरांचे फोटो काढून आपल्या अकाउंटवर टाकायचे नाहीत, विषय संपला, शाळेनं परवानगी दिली तरी नाही. पैसे गोळा करायच्या पोस्टवर पण नको. अनवाणी पोराचा फोटो लावला की पैसे लवकर जमतात हे खरं आहे, म्हणूनच नको. त्याच्या ऐवजी तुझा खो-खोचा जुना फोटो लाव, शाळेच्या निळ्या युनिफॉर्ममधला, आणि सरळ लिही की मी शिकायला आणि मदत करायला चाललेय, एवढे पैसे विमानाला, एवढे राहायला, एवढे तिथल्या संस्थेला. हो, हा हिशोब युनिव्हर्सिटीकडून लेखी घे. अडीच हजारातले लुसाकातल्या संस्थेला किती जातात ते विचारायला लाजू नकोस. आणि कुणी म्हणालं त्यापेक्षा सगळे पैसेच पाठवून द्या ना, तर त्यावर माझ्याकडे भारी उत्तर नाही. बऱ्याचदा ते बरोबरच असतं. तुझ्या जाण्याचा मोठा फायदा तुलाच होणार आहे, ते मान्य केलं की सगळं सोपं होतं.

पैशाचं माझं मत स्पष्ट आहे. लोनमधनं एक पौंड द्यायचा नाही. बाबांच्या पीएफमधनं नाही. आईच्या पाटल्या तर नाहीच नाही. युनिव्हर्सिटीत ट्रॅव्हल बर्सरी, म्हणजे प्रवासासाठी मदत, असते का बघ, कमी पैसेवाल्या स्टुडंट्ससाठी फंड असतो का विचार, डिपॉझिट हप्त्यानं घेतील का विचार, ब्रिटिश पोरं हे बिनधास्त विचारतात, आपणच उगाच संकोच करतो. एवढं करून पैसे नाही जमले तर या वर्षी नाही जायचं, रडायचं दोन दिवस आणि मग सुट्टीत गावच्या शाळेत खो-खोचं शिबिर घ्यायचं, ते काही दुय्यम बक्षीस नाहीये.

आता भराभर बाकीचं. तुझं मास्टर्स एक वर्षाचं असेल तर उन्हाळ्यात डिसर्टेशन (प्रबंध) असणार, त्याचं काय? गाइडशी बोल. आणि लुसाकातल्या पोरांवरच प्रोजेक्ट करते असं परस्पर ठरवू नकोस, त्याला एथिक्सची परवानगी लागते. इंटरनॅशनल ऑफिसला विचार की एवढे दिवस बाहेर गेलीस तर तुझ्या स्टुडंट व्हिसाला काही बाधा येते का. झाम्बियाच्या व्हिसाचं ग्रुप मेलवर विसंबू नकोस, ब्रिटिश पासपोर्टचा नियम तुझ्या पासपोर्टला लागेलच असं नाही, थेट झाम्बियाच्या हाय कमिशनला विचार आणि व्हॉलंटिअर म्हणून जातेय हे खरं सांगून विचार. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांकडून घे, थंडीत डास कमी असतात म्हणून सोडू नकोस. आणि यलो फिव्हरचं फार कमी जणांच्या लक्षात येतं, तिथनं थेट गणपतीला यायचंय म्हणतेस ना, मग फ्लाइट अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर भारतात उतरताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागू शकतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. नाहीतर घरी गणपती बसतील आणि तू बसशील मुंबई एअरपोर्टवर.

आणि निघताना कुणालाही 'सी यू सून' म्हणू नकोस. नंबर देऊ नकोस, शाळेची फी भरते म्हणून सांगू नकोस, जुने शूज कुणा एकाला देऊ नकोस, चाळीस पोरांत एक जोडी बूट म्हणजे भांडण लावून येणं आहे, काय द्यायचं ते संस्थेकडे दे. पोरांनी विचारलं परत येणार का, तर 'नाही, पण तुमची कोच इथेच आहे' म्हण आणि तिच्याकडे बोट दाखव. ती तिथे उभी असायला हवी मात्र, त्यासाठीच पहिल्या दिवसापासून शिट्टी तिच्या गळ्यात राहू दे.

दहा दिवस उरलेत म्हणतेस, त्यातले दोन हे पत्र माझ्याकडे पोचून छापून येण्यात गेले. आजच मेल टाक, चार प्रश्नांचा. कोचचं नाव कळलं की तिला आधी एक मेसेज कर, तुझी ओळख सांग आणि विचार की तुला काय हवंय. आणि तिनं काय सांगितलं ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

ता. क. स्वेटर घे. आफ्रिका म्हणजे उकाडा समजून सगळे टी-शर्ट भरून नेतात, लुसाका आपल्या पाचगणीच्या उंचीवर आहे आणि जून-जुलैत रात्री तिथे दहा डिग्रीच्या खाली जातं. आणि पंपाच्या पिना. डझनभर ने, बॅगेत जागा लागत नाही.